कायमचा पत्ता

शिलाँग, ९ जानेवारी २०२५

अब्बा, सलाम.

मी पोचलो. पाच तारखेच्या आत हजर व्हायचं होतं, चारच्या संध्याकाळी हजर झालो. आयशाला फोनवर कळवलं होतं, तिनं तुम्हाला सांगितलं असेल. तुमची ही लेक सांगते म्हणजे तुमच्या डाव्या कानाशी ओरडते आणि तुम्ही "हाव, हाव" म्हणून पुन्हा फोटोच्या काचेवर वाकता. त्यातलं आत किती जातं ते अल्लाला ठाऊक, म्हणून हे पत्र. आलापल्लीच्या लाकूड कापायच्या आरामशीननं तुमचे कान नेले, डोळे मात्र अजून माझ्यापेक्षा चांगले आहेत. उर्दू मला लिहिता येत नाही आणि तुम्ही मराठी पेपर जाहिरातींसकट वाचता, तेव्हा मराठीतच लिहितो. शुद्धलेखनाला हसू नका.

इथं थंडी फार आहे. सकाळी सरावाला उतरतो तेव्हा समोरचा गोलखांब दिसत नाही, इतके ढग मैदानात उतरलेले असतात. मैदान गवताचं नाही, हिरव्या प्लास्टिकचं आहे. पडलं की कोपर सोलून निघतं. खोली चांगली आहे, घरमालकीण बाई प्रेमळ आहे, तिची भाषा मला येत नाही आणि माझी तिला येत नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नाही.

क्लबही बरा आहे. ज्या पोराच्या बदल्यात मी इथं आलो, तो इथला लाडका होता. एकवीस वर्षांचा आहे, वाऱ्यासारखा पळतो म्हणतात. त्याला गोव्यात माझ्या जुन्या क्लबला देऊन इथल्या लोकांना मी मिळालो, म्हणून जरा तोंडं वाकडी आहेत. होईल सगळं नीट. पहिल्याच सामन्यात मला उतरवलं. माझी नेहमीची जागा, स्टॉपरची. गोलच्या पुढे उभं राहायचं आणि येईल त्याला अडवायचं, दुसरं मला काय येतं?

दुकानातल्या त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण लिहिलं नाही तर पत्राला काही अर्थ नाही. मी जरा जास्त बोललो. दोन गाड्या बदलून आलो होतो, झोप नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण अब्बा, क्लबचा इंग्रजी कागद घरी येतो, दोन पानी, रजिस्टर्ड पोस्टानं, तुमची सही घेऊन. एकदा कोणाकडून तरी नीट वाचून घ्यायला हवा होता की नाही? मला कळवायला हवं होतं. एवढंच माझं म्हणणं होतं.

काच गोळा करताना तुमच्या हाताला लागलं होतं. बरं झालं असेल.

तुमचा
फैज


शिलाँग, २७ जानेवारी २०२५

अब्बा, सलाम.

तुमचं उत्तर नाही. काल इथं झेंडावंदन होतं, त्यानंतर आयशाला फोन केला. विचारलं, अब्बा रागावलेत का? तर म्हणाली, "काऊन रागावतील? ते म्हनतात, फैज त्या दिवशी काय बोलला ते मले ऐकूच आलं नाई."

अब्बा, हे खोटं आहे. तुम्ही ओठ वाचता. रस्त्यापलीकडचा दुकानदार गिऱ्हाइकाला काय सांगतो ते तुम्ही आपल्या दुकानात बसून ओळखता आणि आम्हाला हसवता. मी तर तुमच्यापासून दोन हातांवर उभा होतो. म्हणून त्या दिवसाचं सगळं मी आता क्रमानं लिहिणार आहे. मग ऐकू आलं नाही म्हणायला जागा राहणार नाही.

सत्तावीस डिसेंबरला सराव संपवून आत गेलो. आमचे बूट-कपडे सांभाळणारा म्हातारा माझ्या कपाटापुढे पिशवी घेऊन उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "फैज, तुझं कपाट खाली करायला सांगितलंय." मला वाटलं रंग देणार असतील. मग फोन उघडला. क्लबच्या पानावर माझा मोठा फोटो, खाली लिहिलेलं, धन्यवाद कॅप्टन. शेकडो लोकांचे रडके चेहरे पाठवून झाले होते. सगळ्या गोव्याला कळलं होतं, मला कळायचं बाकी होतं.

नऊ वर्षं, अब्बा. तीन वर्षं कॅप्टन. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा महिने कुबड्यांवर मैदानाच्या कडेला उभा राहून मी नव्या पोरांना ओरडून शिकवलं. त्या गावात मासळीवालीसुद्धा मला चार नंबर म्हणून हाक मारायची. मॅनेजरनं चहा मागवला. त्याला राग नव्हता, लाज नव्हती, त्याला जेवायला जायचं होतं. त्यानं फाइल उघडून दाखवली. म्हणाला, तुझ्या कायमच्या पत्त्यावर नोटीस पाठवली होती. अदलाबदल मान्य नसेल तर पंधरा दिवसांत दुसऱ्या पानावर सही करून परत पाठवायचं होतं. आलं नाही, म्हणजे तुला मान्य आहे. पोचपावती होती. तिच्यावर तुमची सही, मराठीत, मु. शेख. ख च्या शेपटाला तुम्ही नेहमी देता तो गोल फराटासुद्धा होता.

महिनाभर हा माणूस मला रोज मैदानावर भेटत होता. गुडघा कसा आहे विचारत होता. तोंडानं एक शब्द बोलला नाही.

मला विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. एकतीस वर्षांचा स्टॉपर म्हणजे काय ते मला कळतं. पण कुणी विचारलं नाही. बाजारात बैलांची अदलाबदल होते तेव्हाही देणारा एकदा पाठीवरून हात फिरवतो.

तीस तारखेला दुपारी अहेरीला उतरलो ते सरळ दुकानात आलो. तुम्ही कलाबाईच्या नवऱ्याचा फोटो मापून घेत होता. त्या वारलेल्या माणसाचा फोटो, आणि तुम्ही तिला विचारत होता पट्टी काळी पाहिजे की सागाची. तुमच्या डोक्याच्या वर, मधोमध, जिथं आधी मक्केचं चित्र होतं तिथं ती नोटीस. सोनेरी पट्टीत. क्लबचं निशाण चकचकीत. तुम्ही मला बघितलं आणि तुमचा चेहरा असा उजळला की मी अजून विसरलेलो नाही. तुम्ही बोट वर करून दाखवलंत. कलाबाईला म्हणालात, "हाच माहा पोरगा. याचंच सन्मानपत्र."

मी फ्रेम ओढून काढली, मागचा पुठ्ठा फाडला. पहिलं पान पुढे लावलं होतं. दुसरं पान, ज्याच्यावर माझी सही हवी होती, ते तुम्ही भर म्हणून मागे लावून खळीनं पुठ्ठ्याला चिकटवलं होतं. तुम्ही कागद वाया जाऊ देत नाही. मी ते नखानं सोलायला लागलो, तर तुकडे हातात आले.

मग मी म्हणालो, आता नीट वाचा अब्बा, "तुमच्या अनाडीपणानं माही नऊ वर्षं मातीत गेली. मेलेल्यायचे फोटो लावता लावता मलेपण जित्तेपणी भिंतीले टांगलं." आणि फ्रेम काउंटरवर आपटली. ओरडणं ऐकून चहावाला आणि सोनार पायरीशी येऊन उभे होते.

कलाबाई म्हणाली, "बाबू, बापाशी असा नोको बोलू." तुम्ही काहीच बोलला नाहीत. कलाबाई अनवाणी होती, म्हणून तुम्ही घाईघाईनं खाली बसून नुसत्या हातांनी काच गोळा करायला लागलात. रक्त आलं ते मला दिसलं. मी चंद्रपूरची बस पकडली.

आयशानं फोनवर सांगितलं, कागद आला तेव्हा गुणवंतराव दुकानात बसले होते. ते वनखात्यात बाबू होते म्हणून त्यांना इंग्रजी येतं असं सगळ्या आळीनं ठरवलंय. त्यांनी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "मुजफ्फरभाऊ, पोराच्या नऊ वर्षांच्या सेवेचे आभार मानून राह्यले जी! लावा काचेत." वरच्या दोन ओळींत खरंच आभारच होते. ही माणसं मान कापायच्या आधी आभार मानतात, ते गुणवंतरावांना कसं कळावं? त्यांचा दोष नाही.

तुमचाही नाही, असं लिहायला हवं. लिहिता लिहिता हात थांबतो.

फैज


शिलाँग, १६ फेब्रुवारी २०२५

अब्बा,

मागच्या पत्रात सगळं क्रमानं लिहिलं म्हणालो, पण मधला एक दिवस गाळला होता. पहिल्या पत्रातही एक खोटं आहे, ते आधी सांगतो, सोपं आहे म्हणून. मी इथं एकही सामना खेळलेलो नाही. सहा सामने बाकावर बसून काढले. प्रशिक्षक मला शेख म्हणतो, कधी शरीफ म्हणतो. लोक सामना संपल्यावर त्या एकवीस वर्षांच्या पोराच्या नावानं ओरडतात, म्हणजे मला ऐकू जावं म्हणून. त्या पोराची कीव येते मला. त्यालाही कुणी विचारलं नसेल.

आता दुसरं.

मॅनेजरनं पोचपावती दाखवली तेव्हाच मला आयशानं पाठवलेला एक फोटो अंधुक आठवला होता. स्टेशनवर गेलो, गाडीत बसलो आणि फोनमध्ये आयशाचे जुने निरोप वर वर सरकवत गेलो. सहा डिसेंबर, सकाळचे अकरा. फोटो होता. तुम्ही दुकानात उभे, नवा सदरा घातलेला, हातात ती फ्रेम. खाली आयशानं लिहिलेलं, "अब्बा म्हनतात भाईजानले दाखव."

आणि त्याच्या खाली माझं उत्तर. एक लाल बदाम. आणि, "मस्त! अब्बाले म्हन, काच लय चमकून राह्यली."

मुदत सतरा तारखेला संपत होती. माझ्या हातात अकरा दिवस होते.

आम्ही तेव्हा संघाच्या बसमध्ये होतो. कोणीतरी गाणं म्हणत होतं. मी फोटो उघडला, तुमचा चेहरा बघितला, बदाम पाठवला, फोन खिशात टाकला. दोन सेकंद. अब्बा, तुम्ही माझे कागद लावता त्याला काही हिशेब आहे का? तालुक्याच्या शाळेचं प्रमाणपत्र, पेपरातली कात्रणं, गुडघ्याच्या एक्स-रेचं पाकीट, एकदा तर रेल्वेचं तिकीट, कारण त्याच्यावर माझं नाव इंग्रजीत छापलेलं होतं. प्रत्येक वेळी आयशा फोटो पाठवते आणि प्रत्येक वेळी मी बदाम पाठवतो. वाचत नाही. कधीच वाचलेलं नाही. मला वाटायचं, त्यात वाचण्यासारखं काय असणार.

गाडीत मी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. सगळं वाचता येत होतं. सगळ्यात खाली जाड अक्षरात मुदत लिहिली होती. मी दहावी पास आहे, नऊ वर्षं इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत राहिलो आहे. अनाडी कोण, अब्बा?

म्हणजे बल्लारशाला उतरलो तेव्हा मला माहीत होतं. अहेरीच्या बसमध्ये बसलो तेव्हा माहीत होतं. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हाही चांगलं माहीत होतं. रस्ताभर मी स्वतःला सांगत आलो की अब्बांना शांतपणे सांगीन, माझीच चूक झाली, आता काही करता येणार नाही. मग ती फ्रेम तिथं, मक्केच्या जागी, आणि तुम्ही बोट वर करून दाखवलंत. तुमचा तो चेहरा मला सहन झाला नाही. जो कागद मला हाकलतो तो तुम्ही नवा सदरा घालून टांगला होता, आणि मी त्याला बदाम दिला होता. ते मी बोलू शकलो नाही, म्हणून दुसरं बोललो.

मी ओरडत होतो तेव्हा आयशा आतल्या दारात उभी होती. तिच्या हातात फोन होता. तिनं तोंड उघडलं आणि मी तिच्याकडे बघितलं. बस, नुसतं बघितलं. ती गप्प झाली. तिला मी फोनवर आजपर्यंत एकदाही विचारलेलं नाही की तुझ्याकडे तो फोटो आहे का. तीही काही म्हणत नाही.

तुमच्यासाठी मी हे लिहिलंय, पण तुम्ही ते वाचू नये असंही मला वाटतंय. मला लाज वाटते अब्बा. क्लबनं जे माझ्याशी केलं त्याचं दुःख होतं ते आता कुठे गेलं कळत नाही. रात्रंदिवस फक्त तुमचे हात दिसतात, खाली बसून काच वेचणारे.

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

फैज


अहेरी, ३ मार्च २०२५

भाईजान, सलाम.

आज दुसरा रोजा. अब्बा समोर बसले आहेत. ते सांगतात तसं लिहिते आहे. ते म्हणाले, जसं बोलतो तसंच लिही, सुधरवू नको. तर घे:

"फैज, तिन्ही पत्रं भेटली. तिसरं मी दोनदा वाचलं. तुहं अक्षर शाळेतल्यापेक्षा सुधारलं हाय.

तू लिवलं का मी दोन सेकंद फोटो पाह्यला. बाबू, मले माहीत हाय. फोटो मीच पाठवाले लावला होता. तुहा बदाम आला तं आयशानं मले दाखवला, मंग मी तो गुणवंतरावाले दाखवला, चहावाल्याले दाखवला, सोनाराले दाखवला. कलाबाई पहिल्यांदा फोटो घेऊन आली तवा तिलेपण दाखवला. म्हटलं पाहा, पोरगा खुश झाला. त्या दिवशी दुकानात तू बोलून राह्यला होता, तवा तिथं असलेल्या सगळ्यायले माहीत होतं का कागद तुले दाखवला हाय. तू एकटाच समजत होता का कोनाले माहीत नाई.

मी काऊन नाई बोललो? बोललो असतो तं चार लोकायपुढं तू खोटा पडला असता. तू तं जानार होता त्याच दिवशी. मले इथंच राहाचं हाय, माह्याबद्दल लोकायले काय माहीत नाई? मी अनाडी हाय हे तं जुनंच हाय.

आन तुले कोनावर तरी ओरडाचं होतं. क्लबवाल्यायवर ओरडून काई फायदा नव्हता. मी होतो, मंग ओरडला. त्यात काय एवढं.

पन एक सांगतो. मेलेल्यायचे फोटो लावता लावता म्हनला ते बराबर नाई केलं. ते माह्यासाठी नाई म्हनत. कलाबाई उभी होती.

आता बाकावर बसला असशील तं बसून राहा. बसनारा कधीतरी उठतेच. सुट्टीत इकडं येऊ नोको यंदा. ईदले पन नोको. तिथंच नमाज पढ. पुढच्या वर्षी पाहू."

इथपर्यंत अब्बांचं. आता ते दुपारनंतरच्या असरच्या नमाजला गेले, म्हणून माझं लिहिते. मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नको.

भाईजान, ते स्वतः का लिहीत नाहीत असं तू विचारलं नाहीस. तुला वाटलं असेल रागानं. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बाजूचं बोट वळत नाही. त्या दिवशी काच आत गेली होती. त्यांनी हळद भरून फडकं बांधलं आणि मला म्हणाले, खरचटलं. चार दिवसांनी हात सुजला तेव्हा मी जबरदस्तीनं चंद्रपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, नस तुटली आहे, लगेच आणलं असतं तर जोडता आली असती. ऑपरेशन केलं, पण पूर्ण जमलं नाही. पेन धरता येत नाही, घास डाव्या हातानं घेतात. काच कापायची कलम धरायचा प्रश्नच नाही.

दुकान तेव्हापासून बंद आहे. तू फोन करायचास तेव्हा मी म्हणायची अब्बा दुकानात आहेत. त्यांनीच तसं सांगायला लावलं. खरं म्हणजे ते मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले असायचे. कलाबाईच्या नवऱ्याचा फोटो अजून तसाच कागदात गुंडाळून ठेवलाय. ती दोनदा येऊन गेली, म्हणते, "राहू द्या मुजफ्फरभाऊ, हात बरा झाल्यावर तुमीच लावा. मले दुसरीकडून नाई करून घ्याचा."

लोकांना ते सांगतात, काचेची पेटी हातातून सटकली. सगळे मान डोलावतात. ज्यांनी बघितलं तेही डोलावतात.

तुला येऊ नको का म्हणतात ते मी विचारलं. म्हणाले, "तो समोर येऊन बसला आन कोनी हाताचं विचारलं, तं मले त्याच्यासमोर पेटीचं सांगता येनार नाई. तोंड पाहून कळन लोकायले. त्यापेक्षा तो तिथंच बरा."

मी त्या दिवशी दारातून बोलायला पाहिजे होतं. मी गप्प बसले ती तू बघितलंस म्हणून नाही, भाईजान. अब्बांनीही बघितलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

आयशा


शिलाँग, १३ मार्च २०२५

अब्बा, सलाम.

आयशाला रागावू नका. तिनं तुमच्यामागे चार ओळी जास्त लिहिल्या आणि त्या लिहिल्या नसत्या तर मी तिला आयुष्यभर माफ केलं नसतं. हाताचं मला कळलं आहे.

पत्र आलं त्या दिवशी सरावाला गेलो नाही. खोलीवर उजव्या हाताचा अंगठा तळव्याला दोरीनं बांधून बसलो. शर्टाचं बटण लावता येईना, किल्ली फिरवता येईना. घरमालकीण बाईनं दारातून बघितलं, काही न विचारता दोरी सोडली आणि चहा दिला. मी तिच्यासमोर रडलो. तिला एक शब्दही कळला नाही, त्यामुळे बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. गंमत कसली, पण तुम्हाला सांगायला हवी. इथल्या पहिल्या स्टॉपरचा पाय मोडला. प्रशिक्षकानं फळ्यावर माझं नाव लिहिलं, बरोबर लिहिलं, फैज. हंगाम संपेपर्यंत जागा माझी. दोन महिने ज्याच्यासाठी बाकावर थंडीत गुडघे चोळत बसलो होतो ते मिळालं. मी म्हणालो, मला घरी जायचंय. तो म्हणाला, आत्ता गेलास तर पुढच्या वर्षाचं विसर, इथलंही आणि कुठलंही. एकतीस वर्षांच्या माणसाला मधेच सोडून गेलेला म्हणून कोण घेतं? मी म्हणालो, बरं. त्यानं करार मोडल्याचा कागद काढला. तीन पानं होती. मी तिन्ही वाचली. तो घड्याळ बघत होता, तरी वाचली.

कुणी मला दिलं नाही, कुणाच्या बदल्यात घेतलं नाही. मीच निघालो. असं पहिल्यांदाच झालं आणि त्यात मला काही शौर्य वाटत नाही. खेळ सुटल्याचं वाईट वाटतंय, फार वाटतंय. काल शेवटचं एकटाच मैदानावर जाऊन आलो. ढग होते, काही दिसलं नाही.

तुम्ही येऊ नको म्हणालात. आयुष्यात तुमचं मी पुष्कळ ऐकलं, हे ऐकणार नाही. तुम्ही दोन महिने अख्ख्या अहेरीला पेटी सटकल्याचं सांगत बसलात. मी तुम्हाला अनाडी म्हणून गेलो, तेही तुम्ही पोटात घातलंत. डाव्या हातानं घास, बंद दुकान, आणि मला निरोप कसला, तर अक्षर सुधारलं आहे.

माफ करा असं या पत्रात लिहिणार नाही. पत्रात ते सोपं असतं. तुमचा चेहरा दिसत नाही, कलाबाईचा दिसत नाही.

हे स्पीड पोस्टानं टाकतोय, म्हणजे माझ्या आधी पोचेल. मी ईदच्या आधीच्या बाजाराला येतो. त्या दिवशी सगळे असतात, गुणवंतराव असतील, चहावाला असेल, सोनार असेल. आयशाला सांगा, सकाळीच कलाबाईला बोलावून आण आणि दुकानाचं शटर उघडून ठेव. झाडू नका, पुसू नका, जसं आहे तसं राहू द्या. तुम्ही काउंटरच्या मागे तुमच्या जागेवर बसा, हात लपवू नका. कुणी हाताचं विचारलं तर उत्तर मी देईन.

मी घरी येणार नाही. आधी दुकानात येईन. त्या सगळ्यांसमोर बोलून झाल्यावर तुम्ही घरी चल म्हणालात तर घरी येईन.

फैज